उतरायला कोण शिकवतं

गॅलरीतल्या दोरीवर मी टॉवेल झटकून वाळत घातला, की शेजारच्या खोलीबाहेर खुर्चीत बसलेल्या शालनकाकू विचारतात, "आलीस का गं मंदा, बुडून?"

"आले," मी म्हणते. "आज जरा जास्तच बुडले."

या उन्हाळ्यातला हा आमचा रोजचा संवाद. गिरगावात उन्हाळा कैऱ्यांच्या वासाने येतो, वाडीतल्या पोरांच्या क्रिकेटने येतो, समोरच्या गच्चीवर पसरलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांनी येतो. माझ्याकडे तो क्लोरीनच्या वासाने येतो. केस कितीही धुवा, उशीला तो वास राहतोच. आमच्या ह्यांचं म्हणणं, हल्ली त्यांना दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं. वाटू दे. ज्या उन्हाळ्यात हा वास पहिल्यांदा घरात आला, तो उन्हाळा मला फार जपून ठेवावासा वाटतो.

त्या वर्षी माझा डावा गुडघा दुखू लागला. वयाला धरून होतं, त्यात नवल काही नाही. पण आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा. लिफ्ट पुनर्विकास होईल तेव्हा येणार, आणि पुनर्विकासाची सभा दर वर्षी चहा-बिस्किटांवर उठते. परळच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "जिने टाळा."

"डॉक्टर, मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

"मग लिफ्ट वापरा."

शिकल्यासवरल्या माणसाला जगात लिफ्ट नसलेल्या इमारती असतात, हे तिथल्या तिथे कसं समजावणार? शेवटी ते म्हणाले, "पोहायला जा. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही. आत्ता काही केलं नाहीत, तर पुढे जिना बंदच होईल."

जिना बंद होणं म्हणजे काय, ते मी घरात पाहिलं होतं. माझ्या सासूबाईंचाही डावा गुडघाच गेला. आधी त्यांचा भाजीबाजार सुटला. मग देऊळ सुटलं. मग तळमजल्यावरच्या हळदीकुंकवालाही "माझं कुंकू वर पाठवा गं" असा निरोप जाऊ लागला. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी गॅलरीतल्या खुर्चीत काढली. भाजीवाल्याला वरून हाक मारायची, दोरीने टोपली खाली सोडायची, आणि टोपली वर आल्यावर वांग्यांवरून त्याच्याशी भांडायचं. खालून जाणारी माणसं त्या टकलांवरून आणि भांगांवरून ओळखायच्या. कुणाचे केस विरळ झाले, ही बातमी वाडीत आधी त्यांना कळायची. हसतखेळत बसायच्या, पण संध्याकाळी खालच्या अंगणात बायका जमल्या आणि हसण्याचा आवाज वर आला, की त्या उठून आत जायच्या. शेवटी त्या खाली उतरल्या त्या चौघांच्या खांद्यावरून. त्या वळणाच्या जिन्यावर तिरडी तिरकी करावी लागली होती. डॉक्टर बोलत होते तेव्हा मला तेच दिसत होतं.

म्हणून मी पोहायला गेले. हौस म्हणून नाही, भीती वाटली म्हणून.

बायकांची सकाळची बॅच दादरच्या तलावावर होती. गिरगावातून बसने जायचं, पिशवीत टोपी, टॉवेल आणि तो पोशाख. पोशाख गुडघ्यापर्यंत लांब, बाह्यांचा, तरी पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या टॉवेल गुंडाळून अशा बाहेर आलो, की कुणी ओळखीचं भेटलं तर 'आम्ही नुसत्या बघायला आलोय' म्हणता यावं. माझ्या शेजारी परळच्या परबबाई होत्या. मूळच्या मालवणकडच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. समुद्राकाठी जन्म काढूनही पाण्यात कधी उतरल्या नव्हत्या. कठड्याची दांडी धरून त्या माझ्या कानात म्हणाल्या, "बाई, माझ्या नातवान फॉर्म भरलो. आता तेका सोडूचंय नाय मी."

आम्हाला शिकवायला निनाद होता. लालबागचा मुलगा, पंचविशीच्या आतबाहेरचा, खांदे रुंद, बोलणं गोड. त्याच्याकडे पदकं होती. चौथ्या वर्षापासून पोहत होता. पाण्यात शिरला की पाण्याला कळतही नसे कोणी आलंय म्हणून. आणि शिकवताना त्याचा एकच मंत्र होता. "काकू, एकदम सिंपल आहे. फक्त रिलॅक्स करा."

रिलॅक्स हो म्हटल्यावर रिलॅक्स झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तो सांगायचा, "मोठा श्वास घ्या, तोंड पाण्यात, पाय मारा." आम्ही मोठा श्वास घ्यायचो, तोंड पाण्यात घालायचो, आणि दुसऱ्याच क्षणी धडपडत वर. "घाबरू नका, श्वास घ्या!" तो ओरडायचा. आम्ही पुन्हा घ्यायचो. छाती तुडुंब भरलेली, त्यात आणखी हवा कोंबायची. कान गरम, डोळे लाल, नाकात पाणी. परबबाईंची दांडीवरची बोटं पांढरी पडलेली. निनाद चिडायचा नाही, ते एक बरं. तो फक्त गोंधळायचा. स्वतः पाण्यात तोंड घालून पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचा आणि म्हणायचा, "बघा, असं." आम्ही बघायचो. बघून काय कळणार? माशाकडे बघून कुणी मासा झालंय?

एकेक बाई गळू लागली. कुणाकडे लग्न निघालं, कुणाला सर्दी झाली. मीही एका शनिवारी ठरवलं, की सोमवारपासून यायचं नाही. कपडे बदलून बाहेरच्या बाकावर बसले आणि वाईट वाटून घेत भिजलेली टोपी पिळत राहिले.

तिथे बसल्या बसल्या माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी आयुष्यभर पहिलीला शिकवलं. मोठ्या वर्गांवरच्या बाई मला म्हणायच्या, "तुझं बरं आहे, पहिलीला काय शिकवायचं असतं!" मी हसून सोडून द्यायची. पहिलीला काय शिकवायचं असतं, हे पहिलीला शिकवणाऱ्यालाच माहीत. पालक कौतुकाने सांगायचे, "याला सगळी मुळाक्षरं येतात." येत असत. पण त्याला डब्याचं झाकण उघडता येत नसे, म्हणून तो मधल्या सुट्टीनंतर भुकेने रडत बसे, आणि रडणाऱ्या मुलाला 'क' दिसत नाही. म्हणून माझ्या वर्गात पहिला धडा डब्याच्या झाकणाचा. मग पुस्तकाचं पान कसं उलटायचं. मग 'बाई, शू लागली' हे न लाजता कसं सांगायचं. एक मुलगी सगळी अक्षरं पानाच्या एकाच कोपऱ्यात, एकावर एक लिहायची. सगळे म्हणाले, हिचं डोकं चालत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की ओळ संपली की खाली यायचं असतं. सांगितल्यावर ती खाली आली आणि वर्षभरात सगळ्यांच्या पुढे गेली.

निनाद दप्तर खांद्याला लावून बाहेर आला. मी त्याला हाक मारली. "निनाद, इकडे ये. तोंड पाण्यात असतं तेव्हा तू श्वासाचं काय करतोस?"

"घेतो."

"पाण्यात?"

"नाही, म्हणजे वर आलो की घेतो."

"ते झालं वरचं. पाण्यात असताना?"

तो थांबला. डोळे मिटले, मान एका बाजूला वळवली, ओठ हलवून पाहिले. आपण बुटाची नाडी कशी बांधतो ते विचारल्यावर माणसाचे हात जसे हवेत फिरतात, तसं काहीसं. मग डोळे उघडून म्हणाला, "सोडतो. आयला, सोडतो मी!" आणि लगेच, "सॉरी, काकू."

"हे तू आम्हाला कधी सांगितलंस?"

"ते काय सांगायचं असतं? ते होतं ना आपोआप."

"आमचं नाही होत रे. आम्ही नुसता घेतच राहतो. तू कधी शिकलास सोडायला?"

"आठवत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी लाज होती आणि बरंचसं कुतूहल होतं. आपल्यालाही हे कधीतरी येत नव्हतं, हे ज्याला आठवत नाही, त्याला दुसऱ्याला शिकवणं फार कठीण जातं. बिचाऱ्याचा त्यात दोष नसतो.

न जायचं ठरवलं होतं, पण त्याचा तो चेहरा आठवून मी सोमवारी गेले. निनाद पायऱ्यांवर उभा होता आणि त्याच्या हातात घरून आणलेला पितळेचा तांब्या होता. आम्हा सगळ्यांना त्याने पाण्यातल्या पायऱ्यांवर ओळीने बसवलं.

"काल आईला विचारलं," तो म्हणाला. "आई बोलली, लहानपणी मोरीत डोक्यावरून पाणी घेतलं की मी किंचाळायचो. नाकातोंडात जायचं. मग तिने सवय लावली. तांब्या वर गेला की जोरात बोलायचं, हर हर गंगे. बोलताना हवा बाहेर जाते ना, मग पाणी आत येत नाही. नंतर मी मजा म्हणून बादलीत तोंड घालून तेच बोलायचो. झालं. तिथेच शिकलो मी, तलावात नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हर हर गंगे कुणी म्हटलं नव्हतं? दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, थंडीत कुडकुडताना, पहिला तांब्या डोक्यावर घेताना घरातलं प्रत्येक माणूस ते ओरडतं. आणि ते ओरडताना कुणाच्याही नाकात पाणी जात नाही. म्हणजे आम्हाला ते येत होतं. फक्त तेच इथे वापरायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

निनादने तांब्या भरून माझ्या डोक्यावर ओतला. "हर हर गंगे!" मी ओरडले. मग त्याने सांगितलं, आता तेच पाण्याच्या आत म्हणा. मी तोंड पाण्यात घातलं आणि म्हटलं. माझ्या कानाशी बुडबुडे गडगडले. छाती रिकामी होत गेली, आणि ती रिकामी झाल्यावर वर येऊन जो श्वास आत आला, तसा श्वास मी कित्येक वर्षांत घेतला नसेल. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. पाण्यात असल्याचा हा एक फायदा, कुणाला कळत नाही.

शेजारी परबबाई वर आल्या, टोपी वाकडी, नाक लाल, आणि ओरडल्या, "गो बाई माझे, वैशाखात दिवाळी इली!" सगळी बॅच खाली जाऊन हर हर गंगे म्हणत होती. पलीकडच्या लेनमध्ये पोहणारे लोक थांबून बघू लागले. पाणी नुसतं उकळत होतं.

त्या दिवसापासून निनादच बदलला. 'रिलॅक्स करा' म्हणायचा बंद झाला. "काय झालं? आता कुठे अडलं?" असं विचारू लागला. तरंगायला शिकल्यावर परबबाई पाण्यावर छान पसरल्या आणि मग हातपाय झाडू लागल्या. पाणी छातीएवढंच होतं, पण त्यांना उभं राहता येईना. पाय खाली जाईचनात. आधीचा निनाद म्हणाला असता, उभ्या राहा ना, त्यात काय! आताचा निनाद स्वतः पसरला, उभा राहिला, पुन्हा पसरला, आणि स्वतःचं शरीर काय करतं ते शोधून आला. "गुडघे पोटाशी घ्या. हातांनी पाणी खाली दाबा. डोकं शेवटी वर." परबबाई उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे त्यांनी मनापासून दांडी सोडली. जिथे हवं तिथे थांबून उभं राहता येतं हे कळल्याशिवाय माणूस काठ सोडत नाही.

त्या उन्हाळ्यात आमची भूक राक्षसासारखी वाढली. पोहून झालं की बाहेरच्या बाकावर डबे उघडायचे. परबबाईंचे घावणे आणि ओल्या काजूची उसळ, माझं कैरीचं पन्हं. निनाद दोन घावणे उभ्याउभ्या संपवायचा. केसांतून पाणी गळत असायचं, गुलमोहर नुसता पेटलेला असायचा, आणि आम्ही साठीच्या बायका सहलीला आल्यासारख्या मोठमोठ्याने हसायचो.

आणि मग तो एक दिवस. मी पायऱ्यांवरून पाण्यात उतरत होते. निनाद पाण्यातून बघत होता. "काकू, थांबा. तुमचा डावा गुडघा दुखतो ना?"

"हो."

"मग उतरताना आधी उजवा पाय का टाकता?"

मी पायांकडे पाहिलं. खरंच की. उजवा पुढे आणि मागच्या पायरीवर डावा थरथरत. "सवय," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला ती सवय कुठली ते आठवलं. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, "घरातून निघताना नेहमी उजवं पाऊल आधी हं, मंदा." उंबऱ्यावर उजवं, आणि तेच पुढे जिनाभर.

"उलटं करा," निनाद म्हणाला. "उतरताना सगळं वजन वरच्या पायावर असतं. तो चांगला पाहिजे. कबड्डीत माझा गुडघा गेला होता, तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी शिकवलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे तुम्हाला कोण बोललं नाही?"

कोणी बोललं नव्हतं. मी डावा पाय खाली टाकला. उजव्याने मला हळूच खाली सोडलं. कळ आलीच नाही.

त्या दुपारी बसमधून उतरून घरी आले आणि तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. मला सासूबाई दिसत होत्या. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात निऱ्या, आणि शुभ म्हणून पुढे केलेलं उजवं पाऊल. मागे तो डावा गुडघा सगळ्या अंगाचा भार घेऊन लटपटतोय, आणि त्या म्हणतायत, "नको गं, डोळे फिरतात. उद्या बघू." त्यांच्यासाठी घरात काय नव्हतं? गोळ्या होत्या, तेलं होती, गुडघ्याला बांधायचा पट्टा होता, तीन देवांचे अंगारे होते. आधी कुठला पाय, एवढंच कुणाला माहीत नव्हतं. चालायला तर सगळ्यांनाच येतं, ते काय सांगायचं, असंच सगळ्यांना वाटत असणार. त्यांचा गुडघा काही बरा झाला नसता. पण आणखी काही संक्रांती त्यांनी स्वतः खाली जाऊन कुंकू लावून घेतलं असतं. मी तिथेच पहिल्या पायरीवर बसून रडले. या खेपेला पाणी नव्हतं, त्यामुळे समोरच्या खोलीतल्यांना कळलं.

आता पुन्हा तोच उन्हाळा. माझा गुडघा पूर्वीचाच आहे, पण तो आणि मी एकमेकांना सांभाळून घेतो. जिना उतरताना डावा पाय टेकला की मी पुटपुटते, हर हर गंगे. कळ येणार असं वाटलं की माणूस श्वास कोंडतो आणि अंग ताठ होतं, म्हणून सोडायचा. निनाद अजून तिथेच शिकवतो. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी तो कुणालाही पोहायला लावत नाही. आधी उभं राहायला लावतो.

आणि सासूबाई बसायच्या त्याच जागी, जिथून रस्त्याचं वळण दिसतं, तिथे दिवाळीपासून शालनकाकूंची खुर्ची आलीय. त्यांची भाजीची टोपलीही आलीय. त्यांच्या सुनेने मला परवा सांगितलं, "आईंचा गुडघा इतका दुखतो, की आता खाली जातच नाही म्हणतात."

आज सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरते, तोच वरून काकूंचा आवाज. "काय गं पुटपुटतेस? गंगा काय तळमजल्यावर आलीय?"

"आलीय," मी म्हटलं. "येताय बघायला?"

त्या हसल्या. हसून झाल्यावर चेहरा तसाच राहिला नाही. "माझं झालं गं आता उतरून," म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघू लागल्या.

मी पिशवी पायरीवर ठेवली आणि परत वर आले. बस काय, दुसरी मिळते. "काकू, आज उतरायचं नाही. नुसतं उठायचं कसं ते बघू. खुर्चीच्या कडेला या. आणखी. पाय मागे घ्या, खुर्चीखाली. आता नाक गुडघ्यांच्या पुढे न्या, आणि श्वास सोडा."

"काय म्हणून सोडू?"

"दिवाळीच्या आंघोळीला काय म्हणता?"

त्या म्हणाल्या. आणि उठल्या. हात न धरता उठल्या, आणि स्वतःच चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांना बसवलं, पुन्हा उठवलं. सून दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक तशीच. मग काकू मला काही न विचारता गॅलरीच्या कडेकडेने जिन्याकडे निघाल्या. जिन्याच्या तोंडाशी थांबल्या, कठडा धरला आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या. सकाळचं ऊन मधल्या मजल्यापर्यंत आलं होतं. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी त्यांच्या पुढच्या पायरीवर उतरून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले.

"आधी कुठला पाय?" काकूंनी विचारलं.

"दुखरा."

"म्हणजे उजवाच की गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पाऊल खाली टाकलं.